कल्ला न उघडता विकलेली फ्रेम

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. कोणी विषय काढला की मी उठून कुठल्या तरी चाकात हवा भरायला लागायचो, चाकात पुरेशी हवा असली तरी. सायकलच्या दुकानात बसणाऱ्याला ही सोय असते. हात कशात तरी गुंतवता येतात आणि तोंड बंद ठेवता येतं.

आता टाळणार नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, कशाला उकरून काढताय? लोक विसरले." लोक विसरलेले नाहीत. लोकांनी ती चुकीची लक्षात ठेवली आहे. मागच्या थंडीत सायकलवाल्यांच्या एका मंडळाने माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ, आणि जुन्या टायटॅनियम फ्रेमची आवड या भागात मी रुजवली म्हणून दोन शब्द. ते दोन शब्द आधी वाचून दाखवायला मंडळाचा एक जण घरी आला. त्यात एक वाक्य होतं : 'एका खलाशाने नकली माल गळ्यात मारला, तरी काकांनी खचून न जाता दुकानाची अब्रू राखली.'

मी म्हटलं, "हे काढा."

"काका, तोच तर भाग लोकांना आवडतो."

"मग तुमचा नारळ तुम्हीच फोडा."

मी गेलो नाही. रिकाम्या खुर्चीवर शाल ठेवून कार्यक्रम उरकला म्हणे. उरको. ज्यांना तो भाग आवडतो त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. त्या खलाशाने कोणालाही फसवलं नाही. फसवलं मी. माझी अब्रू राखली गेली ती त्याच्या अब्रूवर, आणि हे माझ्या तोंडावर या गावात कोणी सांगितलं नाही, कारण माझ्याशिवाय ते फक्त त्याला आणि त्याच्या घरात ठाऊक होतं.

त्याला सगळे सारंग म्हणायचे. ते नाव नव्हे, हुद्दा. मालवाहू जहाजावर डेकवरच्या खलाशांचा जो मुकादम असतो, तो सारंग. रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्ये गावाच्या जरा पुढे त्याचं घर. बाप, आजा, चुलते सगळे दर्यावर गेलेले. मी बाजारात वडिलांच्या मागे सायकलचं दुकान चालवणारा. तो मला 'शेठ' म्हणायचा, आणि त्यात आदर थोडा नि थट्टा जास्त, कारण माझ्या दुकानात शेठपणा करण्यासारखं काही नव्हतं. भाड्याच्या सायकली बंद झाल्या होत्या, लहान मुलांच्या रंगीत सायकली आणि पंक्चर यांवर संसार चालला होता.

पहिल्यांदा तो आला तो एक राखाडी सायकल खांद्यावर टाकून. ढकलत नाही, खांद्यावर, जसं काही टॉवेल टाकलाय.

"शेठ, सीट पिलर अडकलाय. वर येत नाय, खाली जात नाय. जावयासारखा बसलाय."

मी सायकल पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रंग का नाही हिला?"

"रंग लावायला ती काय होडी हाय?"

बाहेरच्या माणसाला यात विचारण्यासारखं काही वाटणार नाही. पण आमच्याकडे रंग न लावलेलं लोखंड म्हणजे समुद्राला वाहिलेलं लोखंड. खिडकीचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, स्कूटरचे मडगार्ड, सगळं इथली हवा चघळत बसलेली असते. माझ्या दुकानात खोक्यातून काढलेल्या नव्या ताराही काही महिन्यांत तांबूस व्हायच्या. रंग, ऑइल, ग्रीस, पुन्हा रंग, यातच माझी सगळी उमर गेली. आणि हा माणूस उघडीनागडी सायकल घेऊन आला होता, नि तिच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

परदेशातल्या एका बंदरात माल उतरेपर्यंत जहाज थांबलं, तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानात त्याला ती मिळाली होती. टायटॅनियमची माउंटन बाईक, तीसेक वर्षांपूर्वीच्या पद्धतीची. पण सीटचा दांडा होता ॲल्युमिनियमचा, आणि खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना असे काही धरतात की सोडवता सोडवत नाहीत. मी रॉकेल घातलं, गरम पाणी ओतलं, पाइप पाना लावून दोघांनी जोर केला. काही नाही. मग मला आमच्या घरातली एक फजिती आठवली. आमच्या हिने एकदा ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक सोड्यात भिजत घालून त्याची चाळण केली होती. मी फ्रेम परसात उलटी टांगली, खालची भोकं मेणाने बुजवली, हातमोजे चढवले आणि नळीत सोड्याचं पाणी ओतलं. ते खदखदायला लागलं. सारंग माडाला टेकून लांब उभा राहिला. म्हणाला, "शेठ, माझी सायकल हाय, भुताची आमटी नाय."

संध्याकाळपर्यंत त्या दांड्याचा काळा चिखल झाला होता. नळी धुतली. आत बोट फिरवलं. धातूला ओरखडासुद्धा नव्हता.

त्या दिवशी मी त्या धातूच्या प्रेमात पडलो, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. बाकी सगळ्याबद्दल मागेन. एका बोटावर उचलली जाणारी ती फ्रेम, नखाने टिचकी मारली की लांबवर जाणारा तिचा आवाज, कालवाच्या शिंपल्याच्या आत असतो तसला तो रंग, ना पांढरा ना काळा. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे जोडाईच्या बारीक वळ्या, चकलीच्या वळ्यांसारख्या एकीवर एक बसलेल्या. नीट पाहिलं तर एके ठिकाणी वळी किंचित रुंद असायची. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी माणसाचा हात तिथे क्षणभर थांबला असेल. मी तासन्‌तास पाहत बसायचो. ही म्हणायची, "माझ्याकडे एवढं कधी बघितलं नाहीत." खरं होतं.

मग तो धंदाच झाला. सारंग प्रत्येक खेपेला एखादी फ्रेम आणायचा, कपड्यांत गुंडाळून, चाकं-बिकं काही नाही, नुसता सांगाडा. मी साफ करायचो, अडकलेले दांडे विरघळवायचो, आटे नीट करायचो. फोटो काढून मुलगा फोनवर टाकायचा. पुण्याहून, मुंबईहून, एकदा तर थेट बंगळुरूहून लोक आले. गावाला ही करमणूक होती. शेजारचा औषधवाला म्हणायचा, "टायटॅनियम? ते गुडघ्यात बसवतात ना? मग सायकल कशाला, डॉक्टरकडेच पाठवा गिऱ्हाइकाला." कोणी म्हणायचं, "या भावात मोटारसायकल येते." मी म्हणायचो, घ्या मोटारसायकल, आणि दहा वर्षांनी तिचा सायलेन्सर दाखवायला या. त्या फ्रेमना लहान चाकं लागायची, आता मोठ्या चाकांची फॅशन आली, म्हणून साहेब लोकांनी त्या टाकून दिल्या होत्या. टाकलेल्या वस्तूचं मोल टाकणाऱ्याने ठरवायचं नसतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो.

विकण्याची आमची एक रीत होती, आणि ती सारंगाने घातलेली होती. मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेणारा आधी कल्ला उघडून बघतो. कल्ला लाल असेल तर मासळी ताजी. वरून चकाकी कितीही असो, कल्ला दाखवायला जो कां-कूं करतो त्याची टोपली कोणी उचलत नाही. सारंगाने तेच फ्रेमला लावलं. पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, ती नळी पूर्ण मोकळी करायची. तिथून आत टॉर्च मारली की सगळ्या जोडांची आतली बाजू दिसते. भाव सांगायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातात टॉर्च द्यायची.

"आधी कल्ला बघा साहेब," तो म्हणायचा, "मंग बोला."

"आत काय बघायचं?"

"चांदीसारखा दिसला तर माझा नशीब. काळानिळा दिसला तर तुमचा नशीब, वाचलात."

चिरा, पोचे, दुरुस्त्या, सगळं तो स्वतः दाखवायचा. कधी कधी गिऱ्हाईक परत जायचं. मी चिडायचो. तो म्हणायचा, "जाऊ दे. उद्या दुसऱ्याला घेऊन येल." आणि यायचं. लोक सारंगाच्या डोळ्यांवर आंधळा विश्वास ठेवायला लागले.

इथेच ते कुसळ शिरलं.

फोन यायचा दुकानात, माझ्या दुकानात, आणि पलीकडून आवाज यायचा, "सारंग आहेत का?"

"जहाजावर आहे."

"कधी येतील?"

"तीन-चार महिने तरी नाही. या ना, मी दाखवतो."

"नको, ते असतानाच येऊ."

असं एकदा नाही, नेहमी. दुकान माझं, काम माझं, हात सोड्याने भाजलेले माझे, आणि नाव त्याचं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर त्याने हसून फोनवर माझं नाव सांगायला सुरुवात केली असती. तो तसाच होता. म्हणूनच बोललो नाही.

लॉकडाऊनच्या काही वर्षं आधी त्याने एक फ्रेम आणली. इतक्या देखण्या नळ्या मी परत पाहिल्या नाहीत. पण सीटची नळी जिथे पायडलच्या नळीला मिळते तिथे केसाएवढी चीर होती. आतून टॉर्च मारली की बाहेर उजेडाची रेघ दिसायची.

"ही विकायची नाय, शेठ," तो म्हणाला. "टांगून ठेव. मेली तरी बघायला बरी हाय."

मी ती गल्ल्याच्या वर टांगली आणि तो बोटीवर गेला.

थोड्याच दिवसांत घाटावरचे एक गृहस्थ आले. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले. त्यांनी वर पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरुणपणी कुठल्या तरी परदेशी मासिकात त्यांनी याच फ्रेमचा फोटो पाहिला होता. मी सांगितलं, चीर आहे, विकायची नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"दुरुस्त होत नाही का? सारंगांना विचारलंत?"

विचारलंत? सारंगांना?

"सारंग दोर ओढतो," मी म्हटलं. "वेल्डिंग मला कळतं. दिवाळीनंतर या."

मला वेल्डिंग कळत नव्हतं. पण बंदरावर ट्रॉलरची स्टीलची कामं करणारा एक वेल्डर होता, आर्गॉन गॅसवर काम करणारा, हाताला चांगला. आमच्या किनाऱ्यावर एक समजूत पक्की आहे, जे ट्रॉलरवर टिकलं ते जगात कुठेही टिकतं. तुफानात जी जोडाई सुटत नाही ती सायकलवर सुटेल का? वेल्डर फ्रेम हातात घेऊन म्हणाला, "शेठ, ह्या मटेरियलवर मी कधी मारला नाय."

"आर्गॉन आहे ना?"

"हाय."

"मग मार."

त्याचा यात काही दोष नाही, हे इथे लिहून ठेवतो. टायटॅनियम तापून लाल झालं की हवा पितं. बाहेरून गॅसचं संरक्षण असतं, पण नळीच्या आतही गॅस भरावा लागतो, नाहीतर धातू आतून ठिसूळ होतो. जाड पत्र्याच्या ट्रॉलरला हे कोणी कधी केलं नव्हतं, फ्रेमलाही केलं नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इथवरची चूक ही अडाण्याची चूक आहे. तेवढीच असती तर मी इतकी वर्षं चाकात हवा भरत बसलो नसतो.

फ्रेम दुकानात आणली आणि सवयीने आत टॉर्च मारली. आत जोड निळा पडला होता, आणि मधोमध चुन्यासारखा पांढरा. मी तोवर कितीतरी फ्रेमच्या आत पाहिलं होतं. चांगला जोड चांदीसारखा असतो. निळा-पांढरा का होतो ते मला सांगता आलं नसतं, पण तो वाईट आहे हे मला कळलं. कल्ला काळा पडलेली मासळी हातात आली की पोराला पण कळतं, तसं कळलं.

मी टॉर्च विझवली. बाहेरचा निळसर डाग भांडी घासायच्या घासणीने घासून घासून एकसारखा राखाडी केला. मग पायडलचा आस बसवला आणि दोन्हीकडचे कप इतके घट्ट आवळले की पुन्हा उघडू नयेत.

दिवाळीनंतर ते गृहस्थ आले. फ्रेम हातात घेऊन त्यांचे डोळे भरून आले. जोड बघून म्हणाले, "वा! हे तुम्ही केलंत?"

मी मान डोलावली. आयुष्यात एवढं गोड मला काही लागलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आत बघू?"

"आस घट्ट बसलाय, आता उघडणं बरं नाही."

ते घुटमळले. रीत त्यांना माहीत होती. हातातून ती फ्रेम जाते आहे असं मला दिसलं, आणि मी म्हणालो, "आत सारंगाने बघितलंय. परवाच सुट्टीवर येऊन गेला."

तो तेव्हा कुठल्याशा महासागरात होता.

पुढे काय झालं ते बाजारात सगळ्यांना पाठ आहे. सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उघड्या माळावर, कातळाच्या उतरणीला, फ्रेम त्याच जोडापाशी मोडली. गृहस्थांचं गळ्याचं हाड मोडलं, पुढचे दात गेले. हात गळ्यात बांधून ते दोन मित्रांना घेऊन दुकानात आले आणि तुकडे गल्ल्यावर आपटले.

"हे टायटॅनियमच नाही! नकली आहे! नकली धातूवर तुमचा जोड तरी कसा टिकणार?"

ते अस्सल होतं. मीच ते जाळलं होतं. औषधवाला आपल्या दारातून माझ्या दारात आला, आणखी चार जण जमले.

"सारंगाने बघितलंय म्हणाला होतात ना?" गृहस्थांनी विचारलं.

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. नाही बघितलं, मी खोटं बोललो. मी त्याऐवजी म्हणालो, "माल त्याचा असतो. मी काय, दुकानाची जागा देतो."

हे माझे शब्द आहेत. माझ्या सत्कारात वाचायचे असतील तर हे वाचा.

मग काय, फोनवरच्या गटांतून मोडक्या फ्रेमचे फोटो फिरले. रत्नागिरीचा खलाशी, नकली माल, सावध राहा. सारंग सुट्टीवर आला तो थेट यात. बंदरावर त्याला विचारायचे, "काय सारंग, जहाजाचा नांगर तरी खरा हाय काय?" त्याने आणलेली नवी फ्रेम कोणी घेईना. शेवटी तिला चाकं लावून त्याने पुतण्याला दिली, आणि तो तिच्यावर मागे लोखंडी जाळी बांधून मासळीच्या पाट्या वाहायला लागला. अजून वाहतो. जाळी गंजून दोनदा बदलली, फ्रेम आहे तशी आहे. ज्यांना माल नकली वाटतो त्यांनी सकाळी मिरकरवाड्याला जाऊन नखाने टिचकी मारून बघावी. पुतण्याला सांगा, मी पाठवलं.

तो दुकानात आला तेव्हा मोडके तुकडे मी अजून ठेवले होते. त्याने एक तुकडा उचलला, दारातल्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वेल्ड कुठं मारलास?"

"बंदरावर."

"तुला आत दिसला नाय ह्या?"

मी पंप हातात घेतला.

"दिसला," तोच म्हणाला. तुकडा त्याने हळूच खाली ठेवला, जसं काही त्याला लागेल. "मी कवा आलो होतो रे, शेठ, ही बघायला?"

मी पंप चाकाला लावला.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "एकच काम कर. त्या साहेबाला फोन कर. सांग, सारंगाने कल्ला बघितला नव्हता. बाकी काय सांगू नको. तुझा तू बघ. माझा तेवढा सांग."

"करतो," मी म्हटलं.

केला नाही. आज करू, उद्या करू. गिऱ्हाईक परत यायला लागलं, आता ते मलाच विचारत होतं, आणि प्रत्येक दिवशी तो फोन जास्त जड होत गेला. पुढे लॉकडाऊन आलं, तेव्हा वाटलं आता या निमित्ताने सगळं पुसलं गेलं. सारंग पुन्हा दुकानात आला नाही. बाजारात समोरून आला तर मान हलवायचा. मी पलीकडच्या बाजूला काहीतरी घ्यायचं असल्यासारखा रस्ता ओलांडायचो.

सत्काराच्या त्या वाक्याने मात्र माझं डोकं फिरलं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी, तिकडे माझी रिकामी खुर्ची शाल पांघरून बसली असताना, मी घाटावर फोन लावला. गृहस्थांना आधी ओळख पटेना. मग पटली. मी सगळं सांगितलं.

"मी त्या माणसाला अजून शिव्या घालतो," ते म्हणाले. "परवाच घातल्या. हे त्यांना सांगितलंत?"

"उद्या जातोय."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि पूल ओलांडून गेलो. सारंग आजारी असतो हे कानावर होतं. त्याच्या बायकोने, भाभींनी, दार उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही.

"या शेठ. हल्ली ते माणूस कधी ओळखतात, कधी नाय. बसा."

तो पडवीत आरामखुर्चीत होता, वाळलेला. मला पाहिलं आणि चेहरा उजळला.

"शेठ! दुकान उघडा टाकून आलास?"

"मुलगा आहे दुकानात." मी खुर्ची जवळ ओढली. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. "सारंग, तो फोन मी केला. काल. तुला एक सांगायचंय—"

"थांब. आधी मला सांगू दे." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "शेठ, तुझी माफी मागायची ऱ्हायली. ती फ्रेम. मी कल्ला न बघता इकली. माणूस पडला बिचारा. तुझ्या दुकानाला बट्टा लागला."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

"अरे, तू नाही. मी विकली. तू तर जहाजावर होतास."

"तू गप. तू मला सांभाळून घेतोस. सगळे सांगतात ना, मीच इकली. एवढे सगळे खोटा बोलतील काय?" त्याने माझा हात आणखी घट्ट दाबला. "माफ केला म्हण. म्हण, शेठ."

मी भाभींकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली, हो म्हणा.

"माफ केलं," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने तो चक्क झोपला, माझा हात हातात घेऊन. मी तो सोडवून घेतला आणि उठलो. भाभी फाटकापर्यंत आल्या.

"भाभी, विकली ती मी. त्याने नाही."

"मला माहीत हाय. तवाच घरी येऊन सांगितलेला त्यांनी."

"मग मला हो का म्हणायला लावलंत?"

"झोप लागत नव्हती त्यांना," त्या म्हणाल्या. "आल्यागेल्याची माफी मागत बसायचे. पोस्टमनची पण मागितली. कोण हो बोलला तरी पटायचा नाय. बोलायचे, शेठ बोलायला हवा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता. मी म्हटलं, तो भानावर असेल तेव्हा बोलवा, मी लगेच येतो. त्या हो म्हणाल्या. तसा निरोप आला नाही. पाऊस उघडायच्या आधीच तो गेला.

कब्रस्तानाच्या बाहेर आम्ही बरेच जण उभे होतो. माझ्या शेजारी बाजारातला एक जण पुटपुटला, "काय तो फ्रेमचा व्यवहार केला होता, पण गेलेल्या माणसाला माफ करावं."

"कोणाला माफ करतोस?" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की पुढचे वळले. "त्याने काय केलं? मी केलं. माफ करायचं तर मला कर, आणि तेही करू नकोस."

मुलाने माझा दंड धरून बाजूला नेलं. "बाबांना धक्का बसलाय," तो लोकांना सांगत होता. लोकांनी माना हलवल्या. म्हाताऱ्याचं मन मोठं, असंही कोणी म्हणालं म्हणे. म्हणजे मी खरं बोललो तेही माझ्याच खात्यावर चांगुलपणा म्हणून जमा झालं. म्हणून हे लिहून काढलं. बोललेलं लोक आपल्या सोयीने ऐकतात. लिहिलेलं निदान दुसऱ्यांदा वाचता येतं. मुलाला आवडणार नाही, मंडळाला आवडणार नाही, औषधवाला दारातून दारात येऊन विचारेल. विचारू दे. या वेळी मी हवा भरायला उठणार नाही.

पुलावरून जाताना, त्या दिवशी, मी जे वाक्य पाठ करत होतो ते त्याच्या बोलीत होतं. त्याला माझी पुस्तकी भाषा ऐकून हसू यायचं, म्हणून मुद्दाम तसं जुळवलं होतं. ते असं होतं : सारंग, तू कल्ला बघितला नव्हतास. मी बघितला होता, काळा होता, आणि मी तुझा नाव घेऊन फ्रेम इकली. मला माफ कर, आणि नाय केलास तरी चालेल, पण ह्या तुझ्यावर ठेवू नको.